पॉपकॉर्नची साल आणि सिनेमागृहातला टब

पॉपकॉर्न खाताना दातांत एक पातळ, चिवट साल अडकते. ती काढून टाकण्याची सगळ्यांनाच घाई असते, पण पोषणाचा विचार केला तर अख्ख्या टबात तिच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही. मक्यातले बरेचसे तंतुमय पदार्थ या सालीत असतात. अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ जो विन्सन यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या अभ्यासात पॉलिफेनॉल ही अँटिऑक्सिडंट द्रव्यंही मुख्यतः सालीतच एकवटलेली आढळली.

दाणा फुटतो तोही या सालीमुळेच. दाण्यात साधारण १४ टक्के पाणी असतं. तापवल्यावर त्याची वाफ होते, पण टणक साल तिला बाहेर पडू देत नाही. तापमान १८० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचलं की आतला दाब वातावरणाच्या नऊपट होतो, साल फाटते आणि मऊ झालेला स्टार्च फेसासारखा फुलून तिथल्या तिथे घट्ट होतो. सालीला आधीच चीर गेली असेल तर वाफ निसटते आणि दाणा तळाशी तसाच राहतो.

या सगळ्यात दाण्यातलं काहीच काढून टाकलं जात नाही. साल, अंकुर, गर सगळं जागच्या जागी, म्हणजे पॉपकॉर्न हे पूर्ण धान्य. नुसत्या गरम हवेवर फुलवलेल्या १०० ग्रॅम पॉपकॉर्नमध्ये सुमारे ३९० कॅलरी, १४ ते १५ ग्रॅम तंतू आणि १३ ग्रॅम प्रथिनं असतात. मक्याच्या प्रथिनात लायसिन हे शरीराला आवश्यक अमिनो आम्ल कमी असतं, तेवढी उणीव राहते. पण १०० ग्रॅम म्हणजे केवढा ढीग! एका कपात जेमतेम आठ ग्रॅम मावतात, म्हणजे ३० कॅलरी. इतकं हलकं आणि तरीही तंतूंनी भरलेलं खाणं मला तरी फार थोडं माहीत आहे.

सिनेमागृहात हाच दाणा तेलात फुलवतात. त्यासाठी खोबरेल तेल अनेक ठिकाणी पसंत केलं जातं, कारण त्याला सुवास असतो आणि ते लवकर खवट होत नाही. ते टिकतं ते त्यातल्या संपृक्त मेदामुळे (सॅच्युरेटेड फॅट), आणि हा मेद त्यात ८० टक्क्यांहून जास्त असतो. हाच मेद रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल वाढवतो.

‘सेंटर फॉर सायन्स इन द पब्लिक इंटरेस्ट’ या अमेरिकी ग्राहक संस्थेने २००९ मध्ये तिथल्या सिनेमागृहांतले पॉपकॉर्न प्रयोगशाळेत तपासून घेतले. एका मोठ्या साखळीच्या २० कपांच्या मध्यम टबात १,२०० कॅलरी, ६० ग्रॅम संपृक्त मेद आणि ९८० मिलिग्रॅम सोडियम निघालं. वरून ओतायचं ‘बटर’ यात धरलेलंच नव्हतं. हेच २० कप हवेवर फुलवले असते तर ६२० कॅलरींच्या आसपास भरले असते. उरलेल्या जवळपास सगळ्या तेलाच्या. दिवसाला २,००० कॅलरी खाणाऱ्याने संपृक्त मेद २२ ग्रॅमच्या आत ठेवावा, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीवरून निघतं. इथे तर पावणेतीन दिवसांचा वाटा एका बैठकीत संपतो. ९८० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे अडीच ग्रॅम मीठ, दिवसाच्या मर्यादेच्या निम्मं. आणि ते ‘बटर’ही बऱ्याचदा लोणी नसतंच, रंग आणि वास घातलेलं तेल असतं.

एवढा टब संपतो तरी कसा? दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातले डेव्हिड नील, वेंडी वुड आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला इथे फार महत्त्वाचा वाटतो. सिनेमागृहात बसलेल्या काहींना ताजे, तर काहींना आठवडाभर जुने पॉपकॉर्न दिले. ज्यांना सिनेमा पाहताना पॉपकॉर्न खायची पक्की सवय होती त्यांनी शिळे पॉपकॉर्नही ताज्याइतकेच खाल्ले, आणि तेसुद्धा चव आवडली नाही असं सांगत! हाच प्रयोग सिनेमागृहाऐवजी मीटिंग रूममध्ये केला तेव्हा मात्र असं घडलं नाही. तिथे शिळे पॉपकॉर्न बरेचसे तसेच राहिले. पुढच्या प्रयोगात सिनेमागृहातच लोकांना नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला सांगितलं. सवयीच्या लोकांचंही शिळे पॉपकॉर्न खाणं तेवढ्याने कमी झालं.