रोखीचा खर्च आयकरात धरत नाहीत?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हे मी कितीदा ऐकलं असेल: "रोखीत दिलेले पैसे खर्चात धरतच नाहीत." त्यापायी एका खानावळवाल्या ताईंनी वर्षभराच्या नारळाच्या, हमालीच्या चिठ्ठ्या फेकून दिल्या. हक्काची वजावट गेली, जास्तीचा कर भरला. मला फार वाईट वाटलं.

खरं असं आहे. खर्च धंद्यासाठीच झालेला असेल आणि पुरावा असेल, तर रोखीचा खर्चही वजा होतो. मर्यादा आहे ती एका व्यक्तीला एका दिवसात 10,000 रुपयांची, मालवाहतूकदाराला 35,000. ती ओलांडली की वरचीच नव्हे, सगळी रक्कम बाद होते. रंगाऱ्याला एकाच दिवशी 12,000 रोख दिलेत, तर बाराच्या बारा हजार गेले.

"मग दोन बिलं करा" हा सल्ला 2008 पूर्वीचा. आता दिवसाची बेरीज पाहतात. वीस हजारांची मर्यादाही जुनी, एप्रिल 2017 पासून ती निम्मी झाली.

गोंयकारांसाठी महत्त्वाचं म्हणजे मासळी. मालीमच्या जेटीवर खुद्द मच्छीमाराकडून घेतलेल्या मासळीला ही मर्यादा लागत नाही. मधल्या दलालाकडून घेतली तर लागते. म्हणून व्हाउचरवर तारीख, नाव, माल, रक्कम लिहा आणि तिथल्या तिथे सही घ्या. ओल्या हाताचा अंगठा असला तरी चालेल, पण कागद जपून ठेवा.