पक्ष्यांना दाणे घालायचा फीडर टांगण्याआधी हे वाचा

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, म्हणजे नंतर हिरमोड नको. ऑक्टोबरपासून महाराष्ट्रात उतरणारे थिरथिरा, करडा धोबी, वटवट्या, लाल कंठाची माशीमार हे सगळे किडे टिपणारे पक्षी. दाण्यांकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. फीडरच्या नळीवर येतील चिमण्या आणि मनोल्या, म्हणजे इथलेच रहिवासी.

पाहुण्यांसाठी सोबतचं मातीचं पसरट भांडं आहे. त्यात पाणी दोन बोटंच भरा आणि मधे एक खडबडीत दगड ठेवा. खोल, गुळगुळीत भांड्यात लहान पक्षी उतरायला कचरतात. पाणी रोज ओतून टाकून, भांडं घासून पुन्हा भरा, नाहीतर डासांची सोय होते. कीटकनाशकाची फवारणी थांबवा, झाडांखालचा पाचोळा झाडू नका. थिरथिऱ्याचं जेवण त्यातच असतं. कुंपणावर बसून सारखी शेपटी थरथरवणारा काळसर-तांबूस पक्षी दिसला, तर तोच.

नळीत राळा आणि बाजरी निम्मी-निम्मी, रोज सकाळी मूठभर, साधारण ५० ग्रॅम. नळी गळ्यापर्यंत भरू नका. दव शिरलं की तळाचे दाणे गोळा होऊन बुरशी धरतात. पाव, फरसाण, मिठाचा भात अजिबात नको. बसायच्या काड्या मुद्दाम आखूड ठेवल्या आहेत, पारव्याला तिथे बूड टेकता येत नाही. पण खाली सांडलेलं तो सोडत नाही, आणि रात्री उंदीर येतात. सोसायटीत कुरबुर होते ती बहुतेक यावरूनच. अंधार पडायच्या आत फीडरखालची जमीन झाडून घ्या.

आठवड्यातून एकदा नळी, थाळी सुटी करून धुवा. मग एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी अशा मिश्रणात दहा मिनिटं बुडवा, भरपूर पाण्याने खळबळा आणि उन्हात कडकडीत वाळवा. फुगलेल्या पिसांचा, सुस्त पक्षी दिसला तर फीडर दोन आठवडे काढून ठेवा. एकाच थाळीवरून आजार पसरतो.

जागा: खिडकीच्या काचेपासून एक मीटरच्या आत किंवा नऊ मीटरच्या पुढे. मधल्या अंतरावरून उडालेला पक्षी वेगात काचेवर आपटतो. मांजर दबा धरेल अशा झुडपापासून दोन-तीन मीटर लांब टांगा. पहिले दोन आठवडे कोणी फिरकलं नाही तरी जागा बदलू नका. संक्रांतीच्या सुमारास मात्र फांद्यांत अडकलेला मांजा रोज बघून काढा.