सामुदायिक रेडिओ (पुणे परिसर)

सामुदायिक रेडिओ म्हणजे शैक्षणिक संस्था, कृषी विज्ञान केंद्र किंवा ना-नफा तत्त्वावरील संस्थेने आपल्या परिसरातील लोकांसाठी चालवलेले कमी शक्तीचे एफएम प्रसारण केंद्र. पुणे शहरात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ (१०७.४ मेगाहर्ट्झ) व भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेचा ‘रेडिओ एफटीआयआय’ (९०.४ मेगाहर्ट्झ), तर जिल्ह्यात बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राची ‘शारदा कृषी वाहिनी’ (९०.८ मेगाहर्ट्झ) ही अशी केंद्रे होत.

पुण्यात आकाशवाणीचे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले आणि त्यानंतर जवळजवळ अर्धे शतक शहराला दुसरा आवाज नव्हता, कारण १८८५ च्या तार अधिनियमानुसार प्रसारणाचा हक्क सरकारकडेच होता. ही मक्तेदारी सैल झाली ती एका क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या वादात. बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये प्रसारण वाहून नेणाऱ्या रेडिओलहरींचा वर्णपट (स्पेक्ट्रम) ही सार्वजनिक मालमत्ता असून तिचा वापर लोकहितासाठी व्हायला हवा, असा निर्वाळा दिला. त्यातील प्रमुख निकालपत्र न्या. पी. बी. सावंत यांनी लिहिले. निवृत्तीनंतर ते पुण्यातच राहिले आणि २०२१ मध्ये येथेच निवर्तले. या चळवळीवर पुण्याचा असाही एक हक्क आहे, याची नोंद सहसा घेतली जात नाही.

निकालानंतरही दार हळूहळूच उघडले. २००२ च्या धोरणाने केवळ शिक्षणसंस्थांना परवानगी दिली. त्यानुसार देशातील पहिले केंद्र २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात उभे राहिले आणि २००५ मध्ये पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ सुरू झाली. स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रे यांना नोव्हेंबर २००६ च्या धोरणाने वाव मिळाला. बारामतीसारख्या ठिकाणचे केंद्र शक्य झाले ते या बदलामुळेच.

तांत्रिक मर्यादा हेच या केंद्रांचे स्वरूप ठरवते. प्रभावी प्रक्षेपण शक्ती साधारणतः १०० वॉट आणि मनोऱ्याची उंची ३० मीटरपर्यंत असल्याने आवाज सुमारे दहा किलोमीटरच्या टापूत पोहोचतो. त्यातही एफएमच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. एफटीआयआयचा परिसर वेताळ टेकडीच्या पूर्वेस लॉ कॉलेज रस्त्यावर आहे. डेक्कन किंवा एरंडवण्यात खणखणीत लागणाऱ्या केंद्राला टेकडीपलीकडच्या पाषाणकडे जाताना डोंगर आडवा येतो, अंतर थोडे असले तरी. याच तोकड्या पल्ल्याचा एक लाभ असा की एकच वारंवारता अनेक गावांना देता येते : सातारा जिल्ह्यातील म्हसवडची ‘माणदेशी तरंग’ वाहिनीही ९०.४ वरच लागते, आणि दोन्ही केंद्रे एकमेकांच्या आड येत नाहीत.

कार्यक्रमांपैकी किमान निम्मे स्थानिक लोकांच्या सहभागाने तयार व्हावेत व ते शक्यतो स्थानिक भाषेत किंवा बोलीत असावेत, अशी अपेक्षा आहे. खर्चाची तोंडमिळवणी मात्र कठीण असते. २०२४ मध्ये जाहिरातींसाठीचा वेळ तासाला ७ मिनिटांवरून १२ मिनिटांपर्यंत वाढवण्यात आला आणि सरकारी जाहिरातींचा दर दहा सेकंदांना ५२ वरून ७४ रुपये झाला.

सर्वांत मोठी उणीव बातम्यांची आहे. या केंद्रांना स्वतः मिळवलेल्या बातम्या व राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम प्रसारित करता येत नाहीत. आकाशवाणीचे बातमीपत्र मूळ रूपात पुन्हा ऐकवण्याची तेवढी मुभा आहे. परिणामी दिल्लीत तयार झालेले बातमीपत्र टेकडीच्या पायथ्याशी ऐकू येते, पण शेजारच्या प्रभागात पाणीपुरवठ्यावर झालेल्या सभेचे वृत्त त्या केंद्राच्या वार्ताहराला देता येत नाही. ज्या माध्यमाचा पल्लाच एका परिसरापुरता आहे, त्याच्यावरील हे बंधन अनाठायी वाटते.