हेडस्पेस गेज आलं कुठून? चार थाऊच्या फरकामागची गोष्ट

घरी रायफल जुळवणाऱ्याच्या टेबलावर दोन-तीन छोटे स्टीलचे तुकडे असतात, काडतुसाच्या आकाराचे, आरशासारखे घासलेले. एकावर गो, एकावर नो-गो आणि कधी तिसऱ्यावर फील्ड असं कोरलेलं. हेच हेडस्पेस गेज. दिसायला अगदी साधे, पण त्यांच्यामागे दीडेकशे वर्षांची मेहनत आहे आणि ती बऱ्याच जणांना माहीत नसते म्हणून हे लिहितोय.

आधी हेडस्पेस म्हणजे काय ते. चेंबर म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा, आणि बोल्ट म्हणजे ती मागून बंद करणारा दांडा. बोल्ट बंद झाल्यावर बोल्टचा चेहरा आणि चेंबरमधली काडतूस अडणारी जागा, यांच्यातलं अंतर. ते कमी पडलं तर बोल्ट नीट बंद होत नाही. जास्त झालं तर बार उडताना पितळी केसची, म्हणजे काडतुसाच्या नळकांड्याची, पुढची बाजू दाबामुळे चेंबरच्या भिंतीला चिकटते, मागची बाजू बोल्टकडे ढकलली जाते आणि मधलं पितळ ताणलं जातं. उडालेली केस उजेडात धरली तर बुडाच्या थोडं वर एक चकचकीत कडं दिसतं, आतून बारीक तारेचं वाकडं टोक फिरवलं तर तिथे खाच लागते. पुढच्या वेळी केस तिथूनच तुटायची, आणि मग तापलेला गॅस मागे येतो, जिथे माणसाचा चेहरा असतो.

तोंडातून दारू भरायच्या बंदुकांना ही भानगडच नव्हती, मागची बाजू बंदच असायची. मागून भरायची बंदूक आली आणि प्रश्न आला. अमेरिकेत हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्र कारखान्यात जॉन हॉलनं १८२० च्या दशकात मागून भरायची रायफल बनवताना प्रत्येक भाग गेज लावून तपासायची पद्धत बसवली, म्हणजे एका रायफलचा भाग दुसरीत बसला पाहिजे. तेव्हा धातूची काडतुसं नव्हती. १८६० च्या दशकात ती सर्रास झाली, आणि सुरुवातीच्या काडतुसांना बुडाला रिम, म्हणजे बाहेर आलेली कड, असायची, ती चेंबरच्या तोंडावर अडायची, म्हणून मोजायची फक्त रिमची जाडी.

खरी गोम सुरू झाली रिम गेल्यावर. मॅगझिनमध्ये रिम एकमेकींत अडकतात, म्हणून १८८८ ची जर्मन रायफल आणि मग माउझरच्या रायफली रिम नसलेल्या काडतुसावर गेल्या. आता काडतूस अडणार कुठे, तर खांद्यावर, म्हणजे केस निमुळती होते त्या उतारावर. आणि उतारावरचं माप घ्यायचं कुठून? म्हणून उतारावरचा एक ठरावीक व्यास पकडला आणि तिथून बोल्टच्या चेहऱ्यापर्यंतचं अंतर हेच माप धरलं. ३०८ विंचेस्टर या काडतुसाला तो व्यास ०.४०० इंच आहे, तिथून गो गेज १.६३० इंच, नो-गो १.६३४, फील्ड १.६३८. म्हणजे गो आणि नो-गोमध्ये फक्त चार थाऊ, एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, तर सगळे मिळून साधारण एक दशांश मिलिमीटर. गोवर बोल्ट बंद व्हायला हवा, नो-गोवर नको, आणि वापरून झिजलेली रायफल फील्डवरही बंद होत असेल तर ती बाजूला ठेवायची.

इतकं बारीक माप सगळीकडे सारखं कसं राहणार, याचं उत्तर मला यातलं सगळ्यात सुंदर वाटतं. स्वीडनमध्ये एस्किल्स्टुनाच्या रायफल कारखान्यातला कार्ल एडवर्ड योहानसन १८९४ नंतर जर्मनीत ओबर्नडॉर्फला माउझरच्या कारखान्यात गेला होता, तिथे प्रत्येक मापासाठी वेगळं गेज, ढीगच्या ढीग. परतीच्या प्रवासात त्याच्या डोक्यात आलं की थोडे ठोकळे एकमेकांवर रचून हवं ते माप तयार करता येईल. १८९६ मध्ये त्यानं १०२ ठोकळ्यांचा संच आखला आणि बायकोचं शिलाई मशीन बदलून त्यावर ठोकळे घासले. आज कुठल्याही टूलरूममध्ये जे स्लिप गेज असतात ते हेच, आणि त्यांचा उगम रायफलच्या कारखान्यात आहे.

माप नुसतं डोळ्यावर सोडलं की काय होतं ते १९१७ ला दिसलं. अमेरिकी सैन्याच्या स्प्रिंगफील्ड १९०३ रायफलींचे रिसीव्हर, म्हणजे बोल्ट आणि बॅरल ज्यात बसतात तो सांगाडा, फुटले, चौकशीत निघालं की भट्टीतल्या लोखंडाचा रंग बघून कामगार तापमान ठरवायचे आणि लख्ख उन्हात लोखंड आहे त्यापेक्षा थंड दिसायचं, ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत चूक. स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या ८,००,००० च्या खालच्या नंबरांवर आजही लोक विश्वास ठेवत नाहीत. हा हेडस्पेसचा दोष नव्हता, पण ठिसूळ रिसीव्हरमध्ये केस फुटली की सावरायला काहीच उरत नाही, म्हणून या दोन गोष्टी एकत्रच बोलल्या जातात.

ब्रिटिशांच्या ली-एनफील्ड रायफलनं वेगळी वाट काढली. नंबर ४ रायफलला बोल्टचं डोकं वेगळं निघतं आणि ० ते ३ असे नंबर असतात, प्रत्येक थोडं लांब. हेडस्पेस वाढला की पुढच्या नंबरचं डोकं लावायचं. ब्राउनिंगच्या ५० कॅलिबर एम२ मशीनगनला तर बॅरल बदलली की सैनिकालाच गेज घालून हेडस्पेस लावावा लागायचा, ०.२०२ आत गेलं पाहिजे आणि ०.२०६ जाता कामा नये. ती कटकट २०१० च्या सुमारास तिची सुधारलेली आवृत्ती एम२ए१ आल्यावर संपली.

पण कारखान्यांनी मापं एकमेकांशी जुळवली नसती तर गेजला अर्थच नव्हता. म्हणून मापं ठरवणाऱ्या संस्था आल्या, युरोपात १९१४ ला सीआयपी, अमेरिकेत १९२६ ला सामी. काडतूस एकानं बनवलं, चेंबर दुसऱ्यानं, दोघं कधी भेटले नाहीत, तरी जुळलं पाहिजे.

मग हे घरापर्यंत आलं कसं? दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत माउझर आणि स्प्रिंगफील्डचे सरप्लस ॲक्शन, म्हणजे सैन्यानं काढून टाकलेले रिसीव्हर आणि बोल्ट, स्वस्तात मिळायचे, शौकीन लोक त्यांना नवी बॅरल बसवून घ्यायचे, १९६८ च्या कायद्यानं टपालानं बंदूक मागवणं बंद होईपर्यंत तो जोर होता. नवी बॅरल म्हणजे हेडस्पेस नव्यानं, म्हणून कारखान्यातली गेजं कॅटलॉगमध्ये आली. १९५८ ला सॅव्हेज ११० ही रायफल आली, निकोलस ब्रूअरच्या डिझाइनची, बॅरलला मोठं नट. चेंबरमध्ये गो गेज ठेवायचं, बॅरल आट्यांवर फिरवत गेजला टेकवायची आणि नट आवळायचं. कारखान्यानं हे स्वतःचं काम सोपं व्हावं म्हणून केलं होतं, पण लेथ नसलेल्या माणसाला त्यातूनच बॅरल बदलायची वाट मिळाली.

म्हणून कुणी नव्या काडतुसावर टेपची चकती लावून गेजचं काम भागवतो म्हणाला की मला खरंच काळजी वाटते, कारण काडतुसालाही मापात थोडं कमीजास्त असायची सूट दिलेली असते, त्याची लांबी नक्की किती हे तुम्हाला माहीत नाही, आणि टेप दाबली जाते. गेज दाबलं जात नाही.