कर्कपेशींवर वनौषधी अर्काची चाचणी

वनस्पतीचा अर्क प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्कपेशींवर (कर्करोगाच्या पेशींवर) घालून त्यांची वाढ कितपत रोखली जाते, हे मोजण्याची पद्धत. सातारा-सांगली भागात या संदर्भात दोन वनस्पती महत्त्वाच्या: सह्याद्रीच्या जंगलातले नरक्या हे झाड आणि सांगलीची हळद (भौगोलिक मानांकन, २०१८).

नरक्यातले कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य मन्रो वॉल आणि नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी यांनी १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून वेगळे केले. नरक्यात ते असल्याचे १९७२ मध्ये कळले. डीएनएचा पीळ सैल करणारे टोपोआयसोमरेज-१ हे विकर ते डीएनएवरच अडकवून ठेवते. डीएनएची नक्कल होताना धागा तिथे तुटतो आणि पेशी मरते. हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही. त्याचा सोडियम क्षार रुग्णांना दिला, तेव्हा मूत्राशयाला गंभीर इजा झाली. रेणूत बदल करून घडवलेली टोपोटेकन व इरिनोटेकन ही औषधे अमेरिकेत मान्य व्हायला १९९६ साल उजाडले.

चाचणीसाठी सावलीत वाळवलेली १० ग्रॅम पूड १०० मिलि मिथेनॉलमध्ये २४ तास हलवत ठेवतात, गाळतात आणि ४० अंशांखाली द्रावक उडवतात. पावसाळ्यात गोळा केलेला पाला नीट वाळला नाही तर बुरशी धरते आणि तिची विषेही अर्कात उतरतात. हळकुंडे पॉलिशआधीची घ्यावीत, कारण पॉलिश करताना कधी कधी वरून रंग चढवतात.

९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये प्रत्येक खळग्यात ५,००० ते १०,००० पेशी १०० मायक्रोलिटर माध्यमात (पेशी वाढवण्याच्या पोषक द्रावणात) घालून २४ तास चिकटू देतात. मग डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेला अर्क वाढत्या मात्रांत देतात. डीएमएसओ अखेरीस ०.५ टक्क्याच्या आत हवे, नाहीतर पेशी त्यानेच मरतात. ४८ तासांनी एमटीटी या पिवळ्या रंगाचे (जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करतात) ५ मिग्रॅ/मिलि द्रावण १० मायक्रोलिटर घालून ३-४ तासांनी ते स्फटिक विरघळवतात आणि ५७० नॅनोमीटर तरंगलांबीला रंगाचे वाचन घेतात. वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा म्हणजे आयसी-५०. कडेच्या खळग्यांतले पाणी उडते, म्हणून त्यांत नुसते निर्जंतुक पाणी भरावे.

सर्वाधिक फसगत एमटीटीतच होते. अर्कातली फिनॉल द्रव्ये पेशींशिवायही रंग जांभळा करतात आणि मेलेल्या पेशी जिवंत भासतात. म्हणून पेशी नसलेल्या खळग्यात अर्क आणि एमटीटी घालून पाहणे अनिवार्य आहे. एमटीटी घालण्यापूर्वी माध्यम बदलणे त्याहून चांगले. निरोगी पेशींवर तीच मात्रा तपासली नसेल तर आकड्याला काही किंमत नाही: ब्लीचही कर्कपेशी मारते.

हळदीतले कर्क्युमिन हे पिवळे द्रव्य, माध्यमात रक्तद्रव नसेल तर, ७.२ सामूला (पीएच), ३७ अंशांना अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के विघटित होते आणि तोंडावाटे घेतल्यास रक्तात फारच थोडे पोहोचते. प्लेटवरचा निकाल दाखवून रुग्णाला उपचार सोडून हळद घ्यायला सांगणे घातक आहे.

नरक्याची झाडे कॅम्प्टोथेसिनसाठी मुळासकट तोडली गेली आहेत. चाचणीला मूठभर पाने व डहाळ्या पुरतात. त्याही वनविभागाच्या परवानगीनेच घ्याव्यात आणि ओळख पटवलेला वाळका नमुना विद्यापीठाच्या वनस्पतिसंग्रहात जमा करावा.