श्वास निसटला, तरी रक्ताचा हिशेब उरतो

दारू तपासण्याच्या श्वासयंत्रात (ब्रेथ ॲनालायझर) नीट फुंकर गेली नाही आणि आकडाच उमटला नाही, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवल्याचा खटला आपोआप कोसळला, असा समज फार पसरलेला आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्क (अल्कोहोल) ही मर्यादा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती ओलांडल्याचे श्वासयंत्राखेरीज प्रयोगशाळेतील चाचणीनेही दाखवता येते.

अडचण अशी, की नमुना घेईपर्यंत रक्तातील मद्यार्क थांबून राहत नाही. बहुतेक औषधांच्या बाबतीत शरीर दर तासाला उरलेल्या औषधाचा ठरावीक हिस्सा काढून टाकते. मद्यार्काचे तसे नाही. यकृतातील अल्कोहोल डिहायड्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) थोड्याशा मद्यार्कानेच पुरते गुंतून जाते आणि मग ते हिस्सा नव्हे, तर ठरावीक माप उपसत राहते: तासाला १०० मिलिलिटरमागे सुमारे १५ मिलिग्रॅम, व्यक्तीनुसार १० ते २५. त्यामुळे आलेखाची उतरंड जवळजवळ सरळ रेषा होते, आणि सरळ रेषा मागे नेता येते. हे गणित स्वीडनचे शास्त्रज्ञ एरिक विडमार्क यांच्या नावाने ओळखले जाते. समजा, अपघातानंतर ३ तासांनी रक्तात २० मिलिग्रॅम सापडले, तर अपघाताच्या वेळी ते ६५ असावे. दर १० धरला तर ५०, आणि २५ धरला तर ९५. (लिंबूपाणी किंवा काळी कॉफी या विकराचा वेग वाढवते, ही निव्वळ भाकडकथा आहे.)

मात्र ही रेषा मद्यार्क पूर्ण शोषला गेल्यानंतरच सुरू होते. शेवटचा पेला अपघाताच्या काही मिनिटे आधी रिकामा झाला असेल, तर त्या क्षणी आलेख चढत असतो आणि मागे काढलेला आकडा वास्तवापेक्षा मोठा येतो. बचाव पक्ष नेमके येथेच बोट ठेवतो. दुसरी फट नमुन्याची: कुपीत सोडियम फ्लोराइड हे परिरक्षक (नमुना टिकवणारे रसायन) पुरेसे नसेल, तर रक्तात शिरलेले यीस्ट तेथील साखरेपासून स्वतःच मद्यार्क बनवू शकते.

आकडाच नसेल तर? सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये बच्चूभाई करयानी प्रकरणात म्हटले, की तोंडाचा वास, अडखळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या आणि असंबद्ध बोलणे एवढ्यावरून, रक्ताची किंवा लघवीची तपासणी नसताना, मद्याचा अंमल निश्चितपणे सिद्ध होत नाही. याउलट २०२१ मध्ये, दिल्लीत उलटलेल्या एका पोर्शे गाडीच्या विम्याच्या वादात, त्याच न्यायालयाने चाचणी नसतानाही वास आणि अपघाताची परिस्थिती पुरेशी मानली. अर्थात तेथे प्रश्न शिक्षेचा नव्हता, विमा करारातील अटीचा होता. आणि जो चाचणीलाच नकार देतो, त्याचा नकार, सबळ कारण नसेल तर, कलम २०५ नुसार सरकारी पक्षाच्या पुराव्याला पुष्टी देणारी बाब म्हणून धरता येतो.