किशोर व तरुणांमधील अफूजन्य व्यसनांचा प्रतिबंध

अफू, अफूपासून काढलेली द्रव्ये आणि तशाच गुणधर्माची कृत्रिम रसायने (ओपिऑइडे) यांचा गैरवापर कोवळ्या वयात सुरू होऊ नये, झालाच तर त्याचे व्यसन होऊ नये आणि व्यसन लागले तरी जीव जाऊ नये, यासाठी केले जाणारे उपाय. हेरॉईन, त्याचे भेसळयुक्त रूप म्हणजे महाराष्ट्रातले ‘गर्द’ किंवा ब्राउन शुगर, खोकल्याच्या काही औषधांतले कोडीन, वेदनाशामक ट्रामाडॉल, मॉर्फिन व फेंटानिल ही या गटातली ठळक द्रव्ये. गांजा आणि दारू या गटात येत नाहीत.

सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातील २.०६ टक्के भारतीय ओपिऑइडे घेतात. १० ते १७ या वयात हे प्रमाण १.८ टक्के, म्हणजे सुमारे ४० लाख मुले. याच अहवालात हेरॉईन घेणारे १.१४ टक्के, तर औषधी ओपिऑइडे घेणारे ०.९६ टक्के आहेत. प्रतिबंध म्हटले की शाळेच्या फाटकाशी घुटमळणारा पुडीवाला डोळ्यांपुढे येतो; पण जवळपास तितकेच लोक औषध म्हणून बनलेल्या मालावर नशा करतात, ही गोष्ट जनजागृतीच्या भाषणांत क्वचितच येते.

औषध दुकानावर नियंत्रण आहे. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ अनुसूचीत, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या कडक यादीत, कोडीन व ट्रामाडॉल आहेत. त्यांच्या विक्रीची नोंद वेगळ्या वहीत करायची, तीत डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध व नग लिहायचे आणि वही तीन वर्षे जपायची असा नियम आहे. एप्रिल २०१८ मध्ये ट्रामाडॉल अमली पदार्थविरोधी कायद्याखालीही आले. नियम चोख आहेत, पण चिठ्ठी न मागता बाटली काढून देणारे दुकान कोणते, हे गल्लीतल्या पोरांना औषध निरीक्षकाच्या आधी कळलेले असते. घरातही तेच. आजोबांच्या ऑपरेशननंतर उरलेली गोळ्यांची पट्टी ‘लागेल कधीतरी’ म्हणून कपाटात पडून राहते. अमेरिकेत उरलेल्या गोळ्या परत घेण्याचे राष्ट्रीय दिवस २०१० पासून पाळले जातात. अक्कलदाढ काढल्यावर मुलांना सर्रास ओपिऑइडे देण्याची तिथल्या दंतवैद्यांची सवयही आता मोडत चालली आहे. अशा दुखण्यात आयबुप्रोफेन व पॅरासिटामॉल बहुधा पुरते.

शाळांतील प्रतिबंध हा सर्वांत गाजावाजा होणारा आणि बरेचदा सर्वांत पोकळ भाग. लॉस एंजेलिसमध्ये १९८३ साली पोलिसांना वर्गात धाडणारा ‘डेअर’ हा कार्यक्रम सुरू झाला. तो अमेरिकाभर पसरला, मात्र त्याच्या मूल्यमापनांत टिकाऊ परिणाम दिसला नाही. आपल्याकडची २६ जूनची, अमली पदार्थविरोधी दिनाची प्रभातफेरी आणि कवटीची पोस्टर्स त्याच पठडीतली आहेत. जागतिक आरोग्य संघटना व संयुक्त राष्ट्रांचे अमली पदार्थ कार्यालय यांची मानके निव्वळ भीती घालण्याला किंमत देत नाहीत. मित्राने आग्रह केला तर नाही कसे म्हणायचे, राग आणि अपयश कसे पचवायचे याचा वर्गात अनेक तासांचा सराव, पालकांचे प्रशिक्षण, आणि नैराश्य वा घरातील हिंसा यांची वेळीच दखल यांवर त्यांचा भर आहे. हे काम संथ चालते आणि त्याचा फोटो निघत नाही.

सुरुवात ओळखणे घरच्यांच्या हातात असते. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, भरदुपारी पेंगणे, बद्धकोष्ठता, दप्तरात काळवंडलेली चांदी (गर्द तापवून ओढण्यासाठी वापरलेला चंदेरी कागद). माल मिळाला नाही की ‘टर्की’ लागते: नाक गळते, जांभयांवर जांभया येतात, अंग मोडून येते, पोटात कळा येतात, झोप उडते. घरचे याला फ्लू समजतात, मुलगा तो समज खोडत नाही.

पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये सुरू झाले ते गर्दच्या लाटेच्या काळात, डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांच्या पुढाकाराने आणि पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने. तरीही अनेक कुटुंबे पोलिसांच्या आणि शेजाऱ्यांच्या धास्तीने उपचार लांबवतात. वास्तविक १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ६४-अ असे आहे, की सेवनाच्या वा अल्प प्रमाण बाळगल्याच्या आरोपातील व्यसनी व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेत असेल तर तिच्यावर खटला चालत नाही. उपचार मात्र पुरे करावे लागतात. १४४४६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी निःशुल्क आहे.

अतिमात्रेतील मृत्यू श्वास मंदावून होतो. अमेरिकेत १४ ते १८ वयोगटातील अमली द्रव्यांच्या अतिमात्रेचे बळी २०१९ मध्ये ४९२ होते, २०२० मध्ये ९५४ झाले. नशा करणारी मुले वाढली नव्हती. बनावट गोळ्यांत फेंटानिल आले होते. तेथे नॅलोक्सोन या उताऱ्याचा नाकात मारायचा फवारा २०२३ पासून चिठ्ठीविना मिळतो. भारतात ते मुख्यतः रुग्णालयात, इंजेक्शनच्या रूपात आढळते. म्हणून ओठ निळे पडले आणि हाक मारून जाग येत नसेल, तर १०८ ला फोन करून व्यक्तीला कुशीवर वळवणे हा घरचा पहिला उपाय. सर्वाधिक धोका उपचारांनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत असतो. शरीराची सवय तुटलेली असते, आणि पाय घसरला तर मुलगा पूर्वीचीच मात्रा घेतो.